पेशीचं सरपण

"म्हणजे ती पेशी स्वतःलाच खाते?" सोमनाथबाबांनी विचारलं.

"रोज, बाबा. थोडं थोडं."

"मग आमचा कोठीवरचा भंडारी बरा म्हणायचा. तो फक्त दुसऱ्याच्या वाट्याचं खातो."

डॉ. शाल्मली हसली नाही. परदेशात शिकून आलेली ही मुलगी लहानपणापासून गडावरच्या नाथमठात येई आणि बाबांना गुरू मानी. आज ती आशीर्वाद मागायला आली होती.

तिनं सगळं समजावून सांगितलं. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांचे काही भाग जुने होतात, बिघडतात. पेशी ते गुंडाळून घेते, पचवते आणि त्यातूनच नवं घडवते.

शाल्मलीचं सारं नाव एका सिद्धांतावर उभं होतं. हे खाणं म्हणजे निव्वळ नासाडी. ते थांबवलं की पेशी वाचतील, इन्सुलिन वाढेल. त्याच बळावर तिकडची नोकरी सोडून तिनं आपल्या जिल्ह्यात प्रयोगशाळा थाटली होती. इथल्या मधुमेही माणसांना रोजच्या सुईतून सोडवायचं, एवढा एकच ध्यास.

आणि आता प्रयोगातल्या उंदरांनी दगा दिला होता. ज्यांच्या पेशींचं खाणं तिनं बंद केलं, त्यांच्याच पेशींत कचरा साचला. इन्सुलिन आटलं, साखर चढली.

"मग चुकलं कुठे?"

"प्रयोगात, बाबा. उंदरांची जात बदलून बघते. आणखी एका वर्षासाठी आशीर्वाद द्या मला."

"आणि सिद्धांत?"

"तो पक्का आहे."

बाबांनी धुनीकडे पाहिलं.

समोरची धुनी विझत आली होती. चातुर्मासात धुनीसाठी झाड तोडायचं नाही, बाहेरून लाकूड आणायचं नाही. मठातलंच काही तिला द्यायचं, ही तिथली रीत. काहीतरी घेऊन ये, बाबा म्हणाले.

शाल्मली मठभर हिंडली. मोडकं सूप, पाटाचा निखळलेला पाय, रवीचा तुकडा असं काहीबाही घेऊन आली. धुनीनं ते बघता बघता संपवलं. निखारे पुन्हा काळवंडले.

"आणखी?"

"टाकण्यासारखं काही उरलं नाही, बाबा."

बाबांनी काखेखालची लाकडी कुबडी काढली. बसलं की त्यांचा सगळा भार तिच्यावर असे. त्यांनी ती दगडावर हलकेच आपटली. आतून भुसा सांडला.

"ती तर तुमच्या गुरूंची..."

"त्यांचीच."

"कीड कधी लागली?"

"गेल्या वर्षीच आवाज येत होता आतून. मी आणखी रेलून बसायचो."

त्यांनी कुबडी धुनीत सारली. म्हातारा क्षणभर डुलला, मग हळूहळू सरळ बसला. ज्वाळा उठली.

शाल्मली कितीतरी वेळ त्या ज्वाळेकडे बघत राहिली. प्रयोगशाळा, तिच्या शब्दावर संशोधनाला आलेली मुलं, वाट बघणारे रुग्ण...

"तो सिद्धांत सोडला," ती शेवटी म्हणाली, "तर मी उभी कशावर राहू, बाबा?"

बाबांनी तिचे दोन्ही हात धरून ज्वाळेपुढे नेले.

"गार पडलेत. शेकून घे."