गप्प फोन, निजलेला फोन

“मग यातला चांगला कोणता, ते तू अजून सांगितलंच नाहीस,” माई म्हणाल्या.

प्रल्हाद गवस हसला. मठीच्या ओसरीवर त्याने तीन फोन ओळीने मांडले होते. एक निळा, एक काळा, एक राखाडी. तिन्ही स्वस्तातले. ओळखीच्या दुकानदाराने पारखायला दिलेले.

“माई, बाजारात लोक मला विचारल्याशिवाय फोन घेत नाहीत. निळा घ्यायचा. कॅमेरा मोठा, पडदा झळझळीत, आत शंभर सोयी. फोटोत नको असलेला माणूससुद्धा पुसून टाकतो.”

“माणूस पुसतो?”

“होय!”

“आणि वाचवतो का?”

प्रल्हादचं हसू ओठांवरच राहिलं...

गिरजामाईंची मठी कुंभळवाडीच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या खांद्यावर होती. भांडण असो, भीती असो, वाडीतली माणसं चढण चढून त्यांच्याकडे येत. हल्ली भीती एकच होती. हत्ती. तिलारीच्या रानातून कळप उतरायचा आणि केळी, माड, जे समोर येईल ते आडवं करत जायचा. कळपावर नजर ठेवणारी माणसं होती. हत्ती निघाले की ती वाडीच्या ग्रुपवर निरोप टाकत. निरोप वेळेवर मिळाला तर माणसं बाजूला होत.

गेल्या महिन्यात एक हत्ती सगुणाबाईंची पडवी मोडून आत शिरला. त्या मागच्या दाराने निसटल्या म्हणून वाचल्या. निरोप त्यांच्या फोनवर केव्हाच येऊन पडला होता.

“वाजला असेल,” त्या नंतर म्हणाल्या. “दिवसभर वाजतो मेला. कधी खेळ घे म्हणतो, कधी कर्ज घे म्हणतो. मी बघायचंच सोडलं.”

तो फोन त्यांना प्रल्हादने निवडून दिला होता. सगुणाबाईंनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. त्यामुळे त्याला जास्तच लागलं होतं.

आता वाडीने ठरवलं होतं, घरटी एक फोन, सगळ्यांचा सारखा. निवडायचं काम पुन्हा प्रल्हादवरच आलं. तो माईंकडे सल्ला मागायला आला नव्हता. माईंनी निळ्या फोनला हात लावून बरं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

माईंनी हात लावला नाही.

“तूही लावू नकोस,” त्या म्हणाल्या. “तिघांनाही चालू ठेव. आणि बस.”

“हात न लावता फोन कसा कळणार?”

“बस तर खरं.”

“किती वेळ?”

“कंटाळा येईपर्यंत.”

प्रल्हाद बसला. उन्हं ओसरीच्या पायरीवरून खाली सरकली. समोरच्या फणसावर एक खार चढली, उतरली, पुन्हा चढली.

“माई, आला कंटाळा.”

“छान. आता खरं बसणं सुरू झालं.”

तेवढ्यात निळा फोन वाजला.

“काय म्हणतो?” माईंनी विचारलं.

प्रल्हादने वाकून वाचलं. “नवीन वॉलपेपर आलेत म्हणतो.”

थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

“आता?”

“एक खेळ आहे... फुकट आहे.”

पुन्हा.

“फोन हळू चालतोय, साफ करा म्हणतो.”

“नवा ना हा?”

“नवाच.” प्रल्हादचे कान तापले. “हे सगळं बंद करता येतं, माई. सेटिंगमध्ये जायचं, एकेका ॲपचं...”

“कोण जाणार? सगुणा?”

सगुणाबाईंना त्याने फोन दिला तेव्हा सेटिंग उघडूनही बघितलं नव्हतं. कॅमेरा तेवढा दाखवला होता. त्याने निळा फोन उचलला, बंद केला आणि पिशवीत टाकला.

उरलेले दोघे गप्प होते.

“मग काळा!” तो एकदम म्हणाला. “याची बॅटरी बघा, दोन दिवस हलत नाही. आणि गप्प किती आहे!”

“गप्प आहे खरा,” माई म्हणाल्या. “हाक मारून बघ त्याला.”

प्रल्हाद फणसाखाली गेला. दोन्ही फोनांत वाडीचा ग्रुप घातलेला होताच. स्वतःच्या फोनवरून त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘हत्ती नाहीत, तपासणी आहे’, आणि मान उंचावून ऐकत उभा राहिला.

राखाडी फोन खणखणला.

काळा... काहीच नाही.

तो धावत ओसरीवर आला. काळा फोन हातात घेतला, पडदा उजळला आणि त्याच क्षणी निरोप टपकन येऊन पडला.

“आला की!”

“उचललास तेव्हा आला.”

प्रल्हादने फोन उलटसुलट केला. काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं. बॅटरी वाचवायला फोन आतली ॲप झोपवत होता. त्याने सेटिंग शोधलं, ग्रुपच्या ॲपला झोपवू नये असं नोंदवलं आणि विजयी मुद्रेने माईंकडे पाहिलं.

“जागा केला.”

“उद्या ये,” माई म्हणाल्या. “दोघांना इथेच राहू दे.”

सकाळी चढण चढतानाच त्याने ग्रुपवर निरोप टाकला. ओसरीवरून एकच फोन वाजला. राखाडी. काळा माईंच्या शेजारी तसाच पडलेला.

“काल जागा केला होता याला,” प्रल्हाद हताश होऊन म्हणाला.

“पुन्हा निजला.”

“माई, मला वाटलं होतं, हा गप्प आहे...”

“मलाही वर्षानुवर्षं तसंच वाटायचं,” माई म्हणाल्या. “स्वतःबद्दल.”

त्या आत गेल्या आणि त्याच्यासाठी पेज घेऊन आल्या. प्रल्हादने ती प्यायली. मग राखाडी फोन पुढे ओढला आणि नाराजीने म्हणाला, “आता हाच उरला. पण याच्यात काहीच नाही, माई.”

“काय काय नाही?”

“काही म्हणजे काही नाही. जाहिराती नाहीत. न मागितलेली ॲप नाहीत. मध्येच टपकणारे खेळ नाहीत. दिलेलं काम परस्पर बंद...”

तो थांबला. स्वतःचंच बोलणं त्याने ऐकलं होतं.

माई पेजेचं भांडं उचलत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

त्या दिवशी प्रल्हाद दुपारपर्यंत ओसरीवरून हलला नाही. पहिल्यांदाच त्याने एखाद्या फोनचं सेटिंग पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. एका ग्रुपला वेगळी घंटा लावता येत होती. बाकी सगळा आवाज बंद असला तरी तेवढी घंटा वाजत होती. अक्षर मोठं करता येत होतं, आणि मोठं केल्यावर मराठी ओळी तुटत नव्हत्या. सॉफ्टवेअरची दुरुस्ती पुढची काही वर्षं मिळणार होती. हे सगळं खोक्यावर कुठेच छापलेलं नव्हतं. खोक्यावर कॅमेराच होता, तोही बेताचा.

वाडीच्या बैठकीत त्याने राखाडी फोन पुढे ठेवला तेव्हा माणसं हसली.

“फोटो कसे येतात?”

“बरे नाही येत.”

“अरे, मग घ्यायचा कशाला? तूच ना कॅमेरा बघा, कॅमेरा बघा म्हणत फिरायचास?”

“मीच,” प्रल्हाद म्हणाला. “चुकीचं सांगत होतो.”

मागून सगुणाबाई उठल्या, पुढे आल्या आणि त्यांनी तो फोन हातात घेतला.

“हा उगाच वाजतो का रे?”

“नाही, वहिनी.”

“मग मला हाच.”

घरोघर राखाडी फोन आले. प्रत्येक घरात बसून प्रल्हादने ती घंटा लावून दिली आणि बाहेर अंगणात उभं राहून ग्रुपवर निरोप टाकून पाहिला. काही दिवस माणसं कुरकुरली. मग विसरली. फोन गप्प होते, त्यामुळे विसरणं सोपं होतं.

काजूचा हंगाम भरात आला. बायका उतारावरच्या बागेत वाकून बोंडं गोळा करत होत्या. ऊन कलायला लागलं होतं. कुणी गाणं म्हणत होतं, कुणी सुनेची तक्रार सांगत होतं.

आणि घंटा झाली.

एका कमरेच्या पिशवीतून नाही. सगळ्या पिशव्यांतून, एकाच वेळी. खालच्या अंगणांतून, गोठ्यांतून, पलीकडच्या केळीच्या बागेतून... अख्खा उतार खणखणू लागला.

सगुणाबाईंनी फोन काढून मोठ्याने वाचलं, “कळप ओढ्याकडे. बाग सोडा.”

कुणी ‘बघू’ म्हटलं नाही. टोपल्या तिथेच राहिल्या. म्हाताऱ्यांना हात देत, गुरांची दावी सोडत वाडी मठीची चढण चढली. प्रल्हाद वाटेत उभा राहून घराघराची नावं घेत होता आणि प्रत्येक नावाला ‘आलो’ असं उत्तर मिळत होतं.

शेवटचा माणूस अंगणात पोचला तेव्हा खाली काजूच्या फांद्या हलल्या.

पुढे हत्तीण होती. तिच्या मागे आणखी. मधोमध एक पिल्लू, आईच्या पायांत घोटाळणारं. मघाशी बायका वाकून बसल्या होत्या, नेमक्या त्याच जागेवरून कळप चालत गेला. टोपल्या चिरडल्या. एका हत्तीने बोंडांचा ढीग सोंडेने चाचपला आणि चवीने तोंडात घातला. मग सगळे ओढ्यात उतरले. पिल्लू पाण्यात आडवंच झालं.

अंगणात कुणीतरी हसलं. मग कुणीतरी रडलं. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. दोघा-तिघांनी प्रल्हादला उचलूनच घेतलं. सगुणाबाईंनी त्याच्या पाठीवर एक जोरदार धपाटा घातला, आणि त्यात सगळं आलं.

त्यांच्या हातांतून खाली उतरताच प्रल्हाद गर्दीतून वाट काढत कठड्याशी उभ्या असलेल्या माईंकडे आला. त्याचा श्वास मावत नव्हता. त्याने आपला फोन उंच धरला, पडद्यावर बोटं फिरवली, ओढा जवळ आणला, पुन्हा लांब नेला.

“बघितलंत माई? वाजला! सगळ्यांचा वाजला! पुढच्या वाडीचे लोक विचारायला येतील आता. त्यांना काय सांगू? फोनमध्ये नेमकं काय बघायचं?”

माईंनी हात पुढे केला आणि त्याचा फोन अलगद खाली केला.

“हत्ती बघ,” त्या म्हणाल्या.