चित्रातले पाटील

वसईकडच्या नागोळे गावी सत्पुरुष फादर लोरेन्स राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. फादरांजवळ युरोपातले एक जुने चित्र होते. ते पाहून पाहून भाबडा इनास सुतार चर्चसाठी मरियामातेचे चित्र रंगवू लागला. मधोमध माउली, निळ्या वस्त्रात, कारण निळा रंग स्वर्गाचा. बाळ येशूच्या मुठीत पुढच्या दुःखाची खूण म्हणून इवलासा पक्षी. फरशीच्या साऱ्या रेषा बाळाकडे धावणाऱ्या. चित्राची फळी आणि रंग बस्त्याव पाटलांनी दिले होते, म्हणून देणाऱ्यालाही चित्रात दाखवायच्या जुन्या रीतीप्रमाणे कोपऱ्यात गुडघे टेकलेले छोटेसे पाटील.

झाले! पाटील रोज येऊन डोके खाऊ लागले. "हा उंदीर म्हणजे मी? मला उभा कर. माउलीएवढा!"

"पाटील, मग बाळाकडे जाणारी नजर तुमच्या पोटावर अडकेल. पक्षीही झाकला जाईल."

"झाकू दे! सुताराने मला चित्र शिकवायचं? माउलीच्या सणापर्यंत बदललं नाहीस, तर ही फळी माझ्या गोठ्याला लावीन!"

इनास अगदी मेटाकुटीला आला. "फादर, ब्रश समुद्रात टाकतो! हा माणूस माउलीला गोठ्यात नेईल."

"दे त्यांना उभं करून," फादर शांतपणे म्हणाले. "घर माउलीचं आहे. कोणी कसं राहायचं, ते ती बघेल."

इनासने दातओठ खात पाटील उभे केले. पक्षी झाकताना त्याला रडू आले.

सणाच्या सकाळी चित्रावरचा पडदा सरला. फादरांनी प्रार्थना सुरू करताच सारा गाव गुडघ्यांवर आला. एकटे पाटील स्वतःचे चित्र न्याहाळत ताठ उभे! आणि काय सांगावे त्या माउलीची लीला! सर्वांच्या डोळ्यांदेखत चित्रातल्या पाटलांनी हात जोडले, गुडघे टेकले आणि लहान होत होत ते कोपऱ्यात गेले. बाळाच्या मुठीतला पक्षी पुन्हा दिसू लागला.

चर्चभर आता खरे पाटील तेवढे उभे होते. ते धाडकन खाली बसले आणि रडत म्हणाले, "इनास, चुकलो रे! मला अजून लहान कर."

इनासने कपाळावर हात मारला. "देवा, पुन्हा बदल?"

फादर हसले. "राहू दे, पाटील. तुमचं माप माउलीनंच घेतलंय."

पाटलांनी आधी माउलीपुढे डोके टेकले, मग भर चर्चमध्ये वळून इनासचे रंगाने माखलेले पाय धरले.