सरकारांच्या वाटच्या चुका

कोळथडीच्या राजेसाहेबांना वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकायचं होतं, आणि शिकवताना त्यांना कोणी 'चूक' म्हणायचं नव्हतं. हुकूम झाला तो अंतोबा पंतोजींना. दसऱ्यापर्यंत सरकार घडाघडा वाचू लागले पाहिजेत. मधल्या काळात पंतोजींच्या तोंडून सरकारांना 'चुकलं' एवढा शब्द जरी निघाला, तरी शाळा बंद, आणि ती भरते त्या धर्मशाळेत सरकारांचा हत्ती बांधायचा.

अंतोबा हिशेब मांडून बसले. तीस वर्षांत त्यांनी शिकवलं म्हणजे काय केलं, तर 'चूक' म्हटलं आणि छडी उचलली. राजाला छडी मारता येत नव्हती, आता शब्दही गेला. उरली ती नुसती त्यांची विद्या, आणि ती किती आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. बायकोला सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं की हत्ती धर्मशाळेच्या दारातून आत जाईल का. शाळेत बावीस पोरं होती. शाळा मोडली की ती गुरांमागे जाणार, हे अंतोबांना दिसत होतं. पोरांवर त्यांचा फार जीव होता. पोरांना तो कळू दिला नव्हता, एवढंच.

सरकारांच्या हट्टामागेही एक दुखणं होतं. त्यांची एकुलती एक लेक लांबच्या संस्थानात दिली होती. तिची पत्रं यायची, ती कारभारी नाकात वाचून दाखवायचा. लेकीने मारलेली 'बाबा' ही हाक कारभाऱ्याच्या नाकातून ऐकायची, याचा त्यांना वीट आला होता.

पहिल्या दिवशी अंतोबांनी सुरेख कित्ता लिहून नेला, प्रत्येक अक्षर एकदा वाचून दाखवलं आणि धूळपाटी पुढे सरकवली. सरकारांनी 'भ'वर बोट ठेवलं आणि ठणकावून सांगितलं, "म!" अंतोबांच्या ओठांवर तो शब्द आला. त्यांनी तो गिळला, घाम पुसला, आणि काहीतरी करायला हवं म्हणून धुळीत स्वतःच 'भ' काढायला गेले. बोट इतकं थरथरत होतं की काढायचा 'भ' आणि झाला 'म'.

सरकार वाकून पाहू लागले. एकदा धुळीकडे, एकदा कित्त्याकडे. कित्त्यातल्या अक्षराच्या डोक्याला गाठ होती, धुळीतल्याला नव्हती. सरकारांचा चेहरा उजळला.

"पंतोजी, चुकलात!"

"चुकलो, सरकार," अंतोबा म्हणाले.

त्या दिवसानंतर सरकार 'भ' कधी विसरले नाहीत. घरी जाताना अंतोबांच्या ध्यानात आलं, की तीस वर्षांच्या मास्तरकीत आपल्याला सुचलेली ही पहिलीच युक्ती, आणि तीही सुचलेली नाही, हातून घडलेली आहे. पण घडली ती घडली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती नेमाने चालवली. सरकारांनी काही भलतंच वाचलं, की अंतोबा मान डोलवत आणि तेच धुळीत लिहीत. मग कित्ता पुढे करून, आपलं काही बिघडलं तर नाही ना, एवढं बघायची विनंती करीत. सरकार डोळ्यांत तेल घालून बघत. चूक सापडली की त्यांना शिकार साधल्याचा आनंद होई, आणि ते पंतोजींना अंगठे धरून उभं करीत. पन्नाशीच्या माणसाला खाली वाकून पायाचे अंगठे धरायचे म्हणजे काय, ते अंतोबांना तेव्हा कळलं. शाळेतल्या पोरांची ही शिक्षा त्यांनी त्याच आठवड्यात बंद केली.

दसरा उजाडला. भर दरबारात सरकारांनी लेकीचं पत्र स्वतः उघडलं आणि अक्षरावर बोट न ठेवता वाचलं. 'बाबा' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. दरबाराने वाहवा केली. अंतोबांनी सुटकेचा श्वास सोडला, पण तो जरा लवकर सोडला.

सरकार त्यांच्याकडे वळून म्हणाले, "पंतोजींनी अट पाळली, हे खरं. पण या तीन महिन्यांत आम्ही एक पाहिलं. या गृहस्थाला अक्षरओळख नाही! काना विसरतो, वेलांटी भलत्याच अक्षराला देतो. वाचायला आम्हीच याला शिकवलं. असल्याच्या हाती रयतेची पोरं? शाळा आजपासून बंद."

अंतोबा पुढे झाले.

"सरकार, तीन महिन्यांपूर्वी माझ्या या चुका सरकारांना दिसल्या असत्या का?"

सरकार विचारात पडले. नसत्या दिसल्या, असं त्यांना कबूल करावं लागलं.

"चुकल्याशिवाय अक्षर हाती लागत नाही, आणि सरकारांनी तर चुकायचं नव्हतं. मग सरकारांच्या वाटच्या चुका कोणीतरी करायला नकोत? त्या मी केल्या. शिक्षाही मीच भोगली. सरकारांकडे राहिलं ते नुसतं वाचणं."

सरकारांनी भुवया चढवल्या. "सगळ्या आमच्याच वाटच्या?"

अंतोबांनी मान खाली घातली. "नाही, सरकार. दोन-चार माझ्या स्वतःच्याही होत्या."

यावर सरकार जे हसायला लागले, ते मंदील डोक्यावरून घसरेपर्यंत हसत राहिले. कारभारीसुद्धा नाकात हसला. सरकारांनी पंतोजींना शाल दिली, धर्मशाळा शाळेला कायमची तोडून दिली, आणि तशी सनद तिथल्या तिथे स्वतःच्या हाताने लिहिली. अंतोबांनी ती घरी नेली, दार लावून घेतलं, आणि सावकाश वाचली. तीत तीन चुका होत्या. त्या त्यांनी तशाच राहू दिल्या.