शंभर चिंचोके आणि पाच हात

सोनखेडच्या वैद्यशाळेत शिरायचं तर वाट एकच! शंभर प्रश्न, प्रत्येकापुढे चार वाट्या, आणि बरोबर उत्तराच्या वाटीत टाकायचा एक चिंचोका. नव्वद बरोबर आले तर आत.

मला आले एकतीस. त्यातले वीस तर मी डोळे मिटून टाकले होते.

मी मंजुळा, कासारांची नवी सून. आमच्या आळीत बायकांची नाडी बघणारं कुणी नाही, म्हणून सासूबाईंनीच मला धाडलेलं. "बोलत नाही, म्हणजे हुशार असणार," असा त्यांचा समज! आता कोणत्या तोंडाने घरी जायचं? फाटकाशीच बसून राहिले.

तेवढ्यात महाराजांची पालखी आली.

"एकतीसवाली कासारीण ती हीच का?"

"होय महाराज. पण हात धरला की मला माणूस कळतो." बोलले आणि माझी मीच दचकले. लग्न झाल्यापासून एवढं लांब वाक्य तोंडातून गेलं नव्हतं!

महाराज तडकले. "अस्सं? उद्या पडद्याआडून पाच हात बाहेर येतील. आजारी कोण ते एकही प्रश्न न विचारता सांगायचं. चुकलीस, तर तुमच्या आळीतल्या कुणी पुन्हा या फाटकाशी यायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी आधी उभे राहिले अठ्ठ्याण्णव चिंचोकेवाले प्रधानपुत्र वाचस्पती. हात बघूनच घामाघूम! "पर्याय चारच असतात हो! एक हात कमी करा ना!"

मग मी. कासार कधी माप विचारत नाही. हात दाबतो आणि बांगडी चढवतो. मीही तेच केलं. तिसऱ्या हाताशी थांबले.

"या बाई आजारी. हाताला सूज आहे, अंगात कणकण आहे."

आतून राजवैद्य ओरडले, "बरोबर!"

"आणि पाचवा हात?" प्रधानांनी विचारलं.

"ठणठणीत! बोटांवर अंगठ्यांचे वळ आहेत, अंगठ्या मात्र नाहीत. नाडी तेवढी धावतेय, कासारीण पास होते की काय या धास्तीनं!"

पडदा सरला. महाराज बाहेर आले, मनगटात हिरवीगार बांगडी! ओढून ओढून हात लाल झालेला.

"तुला प्रवेश दिला! पण आधी सांग, ही निघणार कशी?"

"पर्याय चार आहेत, महाराज," मी खाली बघत म्हटलं. "चिंचोका देऊ?"

महाराज पोट धरधरून हसले. वैद्यशाळेचं फाटक मला त्याच दिवशी उघडलं. बांगडी मात्र तीन दिवसांनी निघाली.