उतारावरची गाडी

देवरुखच्या आरोग्य केंद्रात नोकरी लागली, तेव्हा परभणीच्या शलाकाला तिथे ओळखणारं कुणीच नव्हतं. शेवटची एसटी तिचं काम संपण्याआधीच निघून जायची. म्हणून तिने स्वस्तातली जुनी गाडी घ्यायचं ठरवलं.

जुन्या गाड्या विकणारे तात्या सुर्वे गावातलं बडं प्रस्थ. केस पिकले की न विचारता सल्ला द्यायचा परवाना मिळतो, अशी त्यांची समजूत.

"बाळ, गाडीतलं तुला काय कळणार? घरच्या पुरुषमाणसाला घेऊन ये," असं म्हणत त्यांनी एक लाल गाडी दाखवली. खुर्च्या टाकून बसलेल्या त्यांच्या मित्रांनी माना डोलावल्या.

शलाकाने पाहिलं, बाकीच्या गाड्या सपाटीवर होत्या. ही एकटीच उतारावर, तोंड खाली करून उभी होती.

"काका, हिला सपाटीवर आणून सुरू करता का?"

तात्यांनी गाडी घरंगळत खाली आणली आणि किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा तेच.

"जुन्या गाडीचं एवढं चालायचंच," तात्या हसले. "चार माणसांना हाक मारायची. धक्का मारायला कोण नाही म्हणतं?"

मित्रही हसले.

"काका, हाक मारल्यावर येणारी चार माणसं मला इथे असती, तर त्यांच्यातल्याच कुणीतरी रोज घरी सोडलं असतं. मग गाडी कशाला घेतली असती?"

तात्या गाडीतून उतरले, मागच्या पांढऱ्या गाडीपाशी गेले आणि तिची किल्ली त्यांनी शलाकाच्या हातावर ठेवली.

"ही सकाळपासून सुरूच केलेली नाही, इंजिन थंड आहे. तूच सुरू करून बघ."