दोन मिनिटांचा आकडा

एका बाजारगावात लग्नाचं शूटिंग करणारा एकजण होता. नाव त्याचं जालिंदर. हात मोठा सफाईदार. नवरीची आई पदर डोळ्यांना कधी लावणार, हे तिच्याआधी त्याला कळायचं.

त्या भागात लग्नानंतर पाचव्या दिवशी लेक पाचपरतावणाला माहेरी येते, एक रात्र राहते आणि सकाळी परत सासरी जाते. जालिंदरने एक पायंडा पाडला होता. त्या संध्याकाळी नवरीच्या अंगणात पडदा बांधायचा आणि सगळ्या आळीने बसून लग्नाची फिल्म बघायची. बारा वर्षांत एकही पाचवा दिवस चुकला नव्हता. लोक त्याला बोलवायचे ते ह्याच भरवशावर.

आता फिल्म म्हणजे काही कॅमेऱ्यातून काढली आणि लावली, असं नसतं. तुकडे जोडायचे, गाणी घालायची आणि मग ते सगळं एकसंध करायला कॉम्प्युटरच्या हवाली करायचं. मग तो एकटाच तासन्‌तास खपत बसतो. त्याच्या आत प्रोसेसर असतो, तेच त्याचं डोकं. जालिंदरचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. एका फिल्मला दोन दिवस खायचा.

गावात दुसरा शूटिंगवाला होता, शिवदास. त्याने नवा कॉम्प्युटर आणला आणि चहाच्या टपरीवर सांगत सुटला, "माझ्या प्रोसेसरचा आकडा अठराशे आहे."

"कसला आकडा?" टपरीवाल्याने विचारलं.

"परीक्षेचा. प्रोसेसरला काम देतात, किती चटकन करतो ते बघतात आणि मार्क देतात. आमच्या जालिंदरभाऊंच्या डब्याला परीक्षेला बसवू नका, वाटेतच फेफरं येईल त्याला."

लोक हसले. जालिंदरही हसला, पण चहा अर्धा ठेवून उठला.

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याला कांतिलालशेठच्या दुकानात गेला. शेठ सरळ माणूस. प्रत्येक कॉम्प्युटरवर त्याने एकेक चिठ्ठी चिकटवली होती. चिठ्ठीवर दोन आकडे, एक वर आणि एक खाली.

"या जालिंदरभाऊ. काम काय करणार ह्याच्यावर?" शेठने विचारलं.

"कामाचं मी बघतो. अठराशेच्या वरचं काय आहे ते दाखवा."

"वरच्या ओळीत का खालच्या?"

"मोठा असेल तो."

"अहो, वरचा आकडा दोन मिनिटांच्या परीक्षेचा आहे. खालचा अर्ध्या तासाच्या. दोन्ही खरे, पण प्रत्येकाचं सांगणं वेगळं."

जालिंदरचं लक्ष कोपऱ्यातल्या एका काळ्या डब्याकडे होतं. त्याच्यावर वरच्या ओळीत एकवीसशे लिहिलेलं. खालचा आकडा दुकानातल्या बाकीच्यांपेक्षा कमी होता. तो त्याने वाचलाही नाही. "हाच बांधा," म्हणाला.

चिठ्ठी मात्र त्याने जपून आणली आणि टपरीवर सगळ्यांना दाखवली. ह्या वेळी चहा अर्धा ठेवून शिवदास उठला. जालिंदरला वाटलं, पैसे वसूल झाले.

पहिलंच लग्न आलं ते रंगनाथ सुताराच्या लेकीचं, कमलचं. लग्नाच्या आदल्या दिवशी रंगनाथ मांडवाचा खांब बांधताना खाली पडला आणि त्याच्या कमरेचं हाड मोडलं. मुहूर्त काही पुढे जाईना. लेकीवर अक्षता पडल्या तेव्हा बाप तालुक्याच्या दवाखान्यात छताकडे बघत पडला होता. चौथ्या दिवशी त्याला घरी आणलं. त्याने जालिंदरला निरोप धाडला, "मी काहीच पाहिलं नाही रे. उद्या कमलला शेजारी बसवून सगळं बघणार आहे."

जालिंदरने उलट निरोप दिला, "काळजी नको. एकवीसशेचं मशीन आहे."

त्या मशीनच्या जिवावर तो निवांत होता. मशीनही असं होतं की बटण दाबायचा अवकाश, पडदा उजळायचा. फोटो तर टिचकीसरशी उघडायचे. चौथा दिवस त्याने मित्राच्या शेतावर हुरडा खाण्यात घालवला. पाचव्या दिवशी सकाळी तुकडे जोडले आणि दुपारी बारा वाजता फिल्म करायला लावली. तीन तासांत होईल, असा त्याचा हिशेब.

पहिली दोन मिनिटं मशीन वाऱ्यासारखं पळालं. मग त्याचा पंखा घोंगावू लागला, डबा तापला आणि चाल मंदावली. तीन वाजले, पाव काम झालं. पाच वाजले, तिसरा हिस्सा झाला. जालिंदर डब्यापुढे पुठ्ठ्याने वारा घालत बसला. मशीन आपलं रखडतच होतं.

संध्याकाळी अंगणात पडदा बांधला होता. रंगनाथला खाटेसकट बाहेर आणलं होतं आणि कमल त्याच्या उशाशी बसली होती. जालिंदरने झालं तेवढं लावलं. मेंदी लागली, हळद लागली, घोडा निघाला, आणि पडदा पांढरा झाला.

"अक्षता कुठंयत?" रंगनाथने विचारलं.

लाइट गेली होती, असं जालिंदरच्या जिभेवर आलं. खोटं खपलंही असतं. पण खाटेवरचा माणूस मान वर करून त्याच्याकडेच बघत होता.

"अक्षता तयार नाहीत, रंगनाथदादा," तो म्हणाला. "मशीन घेताना मोठा आकडा बघितला. तो कशाचा, ते विचारलं नाही. वर कालचा दिवस हुंदडण्यात घालवला. चूक माझी."

कोणी रागावलं नाही. रंगनाथ एवढंच म्हणाला, "हळद छान आली बघ."

सकाळी सासरची गाडी आली आणि कमल गेली. उरलेली फिल्म दुपारी तयार झाली. रंगनाथने ती खाटेवर पडून एकट्याने बघितली. उशाशी कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जालिंदर डबा आणि ती चिठ्ठी घेऊन दुकानात गेला आणि शेठवर बरसला, "तुमचे आकडे सगळे थापा आहेत. इथून पुढं मी आकडा म्हणून बघणार नाही. दिसेल तो डबा उचलीन."

शेठने चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. "खालची ओळ वाचा."

जालिंदरने वाचली. मग बाकीच्या डब्यांवरच्याही खालच्या ओळी वाचल्या. सगळ्या ह्याच्यापेक्षा मोठ्या होत्या.

"दोन मिनिटांच्या कामाला हा सगळ्यांत चांगला," शेठ म्हणाला. "हिशेब लिहिणाऱ्याला दिला असता तर त्याने मला दुवा दिला असता. तुमचं काम पाच-पाच तासांचं. ते खालच्या ओळीत लिहिलं होतं. चिठ्ठीने सांगितलं, मीही सांगितलं. तुम्ही शिवदासला दाखवायला आकडा नेलात, कामाला नाही."

जालिंदर खाली बसला. म्हणाला, "शेठ, पुन्हा विचारा. काम काय करणार म्हणून."

शेठने विचारलं. जालिंदरने सगळं सांगितलं. खालची ओळ बघून दोघांनी दुकानातल्या दहा डब्यांतले तीन बाजूला काढले. मग जालिंदरने खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यात कमलचं लग्न होतं. ते त्याने तिन्ही डब्यांवर एकाच वेळी लावलं आणि घड्याळ घेऊन दिवसभर दुकानात बसून राहिला. जो सर्वांत आधी अक्षतांपर्यंत पोचला, तो घरी आणला. त्याच्या वरच्या ओळीत सोळाशेच होते.

तात्पर्य: परीक्षेचा आकडा खोटा नसतो आणि बिनकामाचाही नसतो, पण ती परीक्षा कोणत्या कामाची होती हे आधी विचारावं, आणि शेवटची परीक्षा आपल्या स्वतःच्या कामाने घ्यावी.