ठिकू मुंगी आणि न मिटणारी फाईल

ठिकू मुंगी साखरेचा दाणा घेऊन निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. घरी पिल्लू उपाशी होतं.

वाटेत होती कचेरी. कचेरीत होता पंखा. फुर्रर्र. दाणा उडाला. टप्. प्रिंटरच्या फटीत अडकला.

"प्रिंटरदादा, हल. दाणा सोड."

"मॅक्रोनं सांगितलं तर हलेन. तुझ्यासाठी कोण हलतंय?"

मॅक्रो म्हणजे संगणकातला गडी. ज्या गोष्टीला बांधला, ती घडली की उठतो. एरवी घोरतो. घुर्रर्र.

ठिकू गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मॅक्रोभाऊ, ऊठ. प्रिंटर हलेना, दाणा सुटेना, पिल्लू माझं उपाशी."

"मला फाईल मिटण्याला बांधलंय. फाईल मिटली तर उठेन."

ठिकू गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. पडद्यावर फाईल पसरली होती.

"फाईलताई, मिट. मॅक्रो उठेना, प्रिंटर हलेना, दाणा सुटेना, पिल्लू माझं उपाशी."

"कुंदाबाईंनी मिटवलं तर मिटेन. दिवाळीतसुद्धा उघडीच होते मी."

ठिकू गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. कुंदाबाई टाइप करत होत्या. खटखट, खटखट.

"कुंदाबाई, मिटवा. फाईल मिटेना, मॅक्रो उठेना, प्रिंटर हलेना, दाणा सुटेना, पिल्लू माझं उपाशी."

"साहेब म्हणाले तर मिटवीन. फाईल मिटवायची नाही, असं बजावलंय त्यांनी."

"मग मॅक्रो मिटण्याला कशाला बांधला?"

"तेही साहेबच म्हणाले."

ठिकू गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. गव्हाणे साहेब चहा पीत होते. सुर्रर्र.

"साहेब, सांगा. बाई ऐकेनात, फाईल मिटेना, मॅक्रो उठेना, प्रिंटर हलेना, दाणा सुटेना, पिल्लू माझं उपाशी."

"फाईल मिटली की लोक म्हणतात, काम झालं. मग दुसरं काम आणतात. जा, उद्या ये."

"पिल्लू आज उपाशी आहे."

"ते खातं माझ्याकडे येत नाही."

ठिकू साहेबांच्या टाचेवर चढली. चावली. कच्चकन. सोडेचना.

"आई गं. कुंदाबाई, मिटवा ती फाईल."

बाईंनी ऐकलं. टिक्. फाईल मिटली. मॅक्रो उठला. प्रिंटर हलला. खर्रर्र. दाणा सुटला. टप्.

ठिकू म्हणाली, "बाई, मॅक्रोला आता तुमच्या खटखट टाइप करण्याला बांधा. रोज उठेल."

"साहेबांना विचारते," बाई म्हणाल्या. साहेब टाच चोळत होते. "उद्या बघू," म्हणाले.

ठिकूनं दाणा उचलला. तुरुतुरु, तुरुतुरु. कुणाचेच आभार मानले नाहीत.

पिल्लानं दाणा खाल्ला. कुटुम, कुटुम.